मान टिकत नव्हती ते गुरुवार

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी सहीच्या पलीकडे काही लिहिलेले नाही. गावातल्या लोकांची पत्रे आणि अर्ज मी लिहून देतो, तेवढाच माझा सराव. शिवाय माझे दुखणेही काही मोठे नव्हते. ज्यांनी खरोखर मोठी दुखणी काढली त्यांच्यासमोर मानेचे गाऱ्हाणे मांडायला संकोच वाटतो. पण धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "बरा कसा झाला ते नको लिहू, ते सगळेच सांगतात. मध्ये थांबलं होतं ना, तेवढं लिही. माझ्या बाकावर बसलेले अर्धे लोक तिथेच असतात."

म्हणून त्या बाकावरच्या लोकांसाठी लिहितो. कोणता उपचार घ्यावा हे मी सांगू शकणार नाही. मलाच ते अजून नीट कळलेले नाही.

घड

आमचे गाव रावेर तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. मी जळगावला वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आमच्या मळ्यात केळीची कटाई चालू होती. एक माणूस कमी पडला, म्हणून मी डोक्यावर चुंबळ ठेवून घड वाहू लागलो. लहानपणापासून वाहिलेले होते, त्यात नवे काही नव्हते.

पाटाच्या कडेला ओल होती. पाय घसरला. मी पडलो नाही, पण घड मागच्या बाजूला कलला आणि तो सावरायला मी मान ताठ केली. कानामागे काहीतरी कट् झाले. घड खाली पडू दिला नाही, याचा त्या क्षणी मला अभिमानच वाटला. ट्रकपर्यंत नेऊन ठेवला आणि पुढचा घड आणायला वळलो, तर केळीची सगळी झाडे एका बाजूला झुकलेली दिसली.

मग ते रोजचेच झाले. सुट्टी संपली तरी मी घरीच राहिलो. डोक्याच्या मागच्या बाजूला दुखणे, मान वळवली की चक्कर. सगळ्यात वाईट म्हणजे वाचायला मान खाली घातली की दहा मिनिटांत पुस्तकातल्या ओळी पाण्यावर ठेवल्यासारख्या हलू लागत.

जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. खिडकीकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "काही तुटलेलं नाही." आबा, म्हणजे माझे वडील, शेजारी उभे होते. त्यांना आनंद झाला. मला मात्र काय वाटले ते सांगता येत नाही. तुटलेले असते तर दाखवता तरी आले असते. डॉक्टरांनी गळपट्टा दिला, गोळ्या दिल्या, आराम सांगितला. परतीच्या एस.टी.त आबा म्हणाले, "काही नाही म्हने तो. मंग तुले व्हते काय?"



एक वर्ष

आबांनी मला कॉलेजात पाठवताना एकच अट घातली होती, की वर्ष वाया जाऊ द्यायचे नाही. नापास झालो तर मळा. ती शिक्षा म्हणून नव्हती. त्यांना माणूस लागत होता, आणि माझ्या पाठची बहीण शाळेत होती. पण आता अडचण अशी होती की परीक्षेसाठी मान तीन तास खाली ठेवायची आणि मळ्यासाठी मानेवर घड ठेवायचा, या दोन्हींपैकी काहीच मला जमत नव्हते. परीक्षा हुकली तर मी कशाचाच राहणार नव्हतो. हे आबांना दिसत होते की नाही कोण जाणे. आईला दिसत होते. ती ताट माझ्यासमोर जमिनीवर न ठेवता उपड्या टोपलीवर ठेवून उंच करून द्यायची.

माझा वसतिगृहातला सोबती प्रकाश हा धुळ्याचा. त्याच्या मामीच्या मानेवर तिथल्या एका डॉक्टरांनी हाताने उपचार केले होते. डॉक्टर जरीवाला मूळचे सुरतेचे, कुठेतरी परदेशात ही विद्या शिकून आलेले, आणि दर गुरुवारी धुळ्याला बहिणीच्या घरी पुढच्या खोलीत बसत. पाटीवर 'कायरोप्रॅक्टिक' असे लिहिले होते. तो शब्द मी पहिल्या दिवशी तीनदा वाचला.

डॉक्टरांची पद्धत

त्यांनी मला पालथे झोपवले आणि मानेऐवजी टाचा पाहिल्या. दोन्ही टाचा जुळवून म्हणाले, "डावा पाय आखूड दिसतो. अर्धं बोट." मी घाबरलो. पाय आखूड आहे हे मला कोणी कधी सांगितले नव्हते. ते हसले. "पाय बराबर आहे, बेटा. वरचा मणका सरकला की शरीर एका बाजूला ओढलं जातं, असं आमचं शास्त्र मानतं."

मग कुशीवर वळवून त्यांनी कानाखाली बोट ठेवले आणि अगदी हलका दाब दिला. इतका हलका, की झाले का असे मी विचारले. नंतर वीस मिनिटे निजवून ठेवले, पुन्हा टाचा मोजल्या. सारख्या होत्या.

"आता हे टिकलं पाहिजे," ते म्हणाले. "माझं काम बसवण्याचं. टिकवण्याचं काम तुझं. पुढच्या वेळी टिकलेलं दिसलं तर मी हातसुद्धा लावणार नाही."

पहिले तीन गुरुवार फार चांगले गेले. दुसऱ्या आठवड्यात चक्कर कमी झाली. तिसऱ्या आठवड्यात मी सलग अर्धा तास वाचले आणि घड्याळ बघून आईला हाक मारली. त्या गुरुवारी डॉक्टरांनी गळपट्टा काढायला सांगितला. येताना मी तो पिशवीत ठेवला आणि एरंडोलच्या थांब्यावर उतरून, नुसतेच इकडेतिकडे मान फिरवून बघितले. आता सुटलो असे वाटले.

आणि थांबले

चौथ्या गुरुवारी डावी टाच पुन्हा अर्धे बोट वर. पाचव्या गुरुवारी तेच. सहाव्याही.

प्रत्येक वेळी क्रम ठरलेला असे. गुरुवारी डॉक्टर बसवत. शुक्रवार ते मंगळवार मी बरा असे, वाचत असे. बुधवारी संध्याकाळी कानामागे ठसठस सुरू होई, आणि गुरुवारी सकाळी एस.टी.त बसताना खांब धरावा लागे.

डॉक्टर विचारत, "काय उचललं?"

"नाही."

"झटका-बिटका? पडला? कोणी मान दाबली?"

"नाही," मी सांगे. मी खोटे बोलत नव्हतो.

त्यांनी उशी बदलायला सांगितली, बदलली. कुशीवर झोपायला सांगितले, झोपलो. आडात बादली सोडणे बंद केले. एस.टी.च्या मागच्या सीटवर बसणे सोडले. जळगावला भेटला तेव्हा प्रकाश म्हणाला, गळपट्टा काढल्यापासूनच हे झाले, तो परत लाव. लावावासा वाटे, पण डॉक्टर नको म्हणत. आबा म्हणाले, "इतक्या लांब जाऊन तो मानूस बोट लावतो अन् झोपवतो. झोप तर घरी बी येते." आई म्हणाली, "त्याले बरं वाटते ना चार दिवस?" आबा म्हणाले, "चार दिवसच वाटते."  माझ्यामुळे त्यांच्यात अशी बोलणी वाढली होती.

मला वाटू लागले की मी मनातूनच खचत असेन. जळगावच्या डॉक्टरांना काही दिसले नाही, धुळ्याच्या डॉक्टरांचे टिकत नाही. मग दोष माझ्यातच असणार. परीक्षेला अडीच महिने उरले होते.

याच काळात एक गोष्ट घडली, ती मला तेव्हा समजली नाही. सातव्या गुरुवारी डॉक्टरांनी टाचा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाले, "आज काही करायचं नाही. टिकलंय." मला रडू आल्यासारखे झाले. "या आठवड्यात वेगळं काय केलंस?" मी खूप आठवले. काहीच वेगळे केले नव्हते. आठव्या गुरुवारी टाच पुन्हा वर होती.

बाकावरच्या आजी

डॉक्टरांकडे माझ्याबरोबर एक आजी बसायच्या, शिंदखेड्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्यांना भोवळ यायची. बाकावर एकटे बसलेल्याला त्या स्वस्थ बसू देत नसत.

नवव्या गुरुवारी मी खाली न बघता समोरच्या भिंतीकडे बघत बसलो होतो. त्यांनी माझ्या कॉलरवरून कापलेले केस झटकले.

"कारे भाऊ, नवरदेव बनीसन उना का? मानवर बठ्ठा केस शेतस."

मी म्हणालो, "काल कटिंग केली, आजी."

"दर गुरुवारले तू असाच चकाचक येस. डॉक्टरनी पोर देखाले येस का काय?"

बाक हसला. मी सांगितले की मोठ्या माणसासमोर जायचे तर दाढी-कटिंग करून जावे असे आमचे आबा म्हणतात. आमच्याकडे गुरुवारी केस कापत नाहीत, म्हणून बुधवारी करतो.

आजींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग हसू न आणता विचारले, "तुना न्हावी मान मोडस का?"

मी हो म्हणालो. म्हणजे माझ्या तोंडून हो निघून गेले आणि नंतर मला ते ऐकू आले.

"मना पोऱ्याले बी तीच सवय व्हती," आजी म्हणाल्या. "मज्या शे तुनी. इकडे डॉक्टर बसाडस, तिकडे न्हावी उखाडस."

सुपडू नाना

सुपडू नानांचे दुकान आमच्या गावच्या एस.टी. थांब्याला लागून आहे. माझे जावळ त्यांनी काढले, आबांचे लग्नातले केसही त्यांच्याच वडिलांनी कापले होते. कटिंग झाली की ते डोक्याला तेल चोळतात, कानशिले दाबतात, आणि शेवटी एक हात हनुवटीला आणि एक डोक्याला लावून मान डावीकडे कट्, उजवीकडे कट्. त्याचे ते वेगळे काही घेत नाहीत. ज्याच्यावर जीव आहे त्याचीच मान मोडतात. परगावच्या गिऱ्हाइकाला नुसता आरसा दाखवतात.

माझ्या गळ्यात पट्टा होता तोवर नाना मानेला हात लावायला घाबरत. वरवर दाढी करून सोडत. पट्टा निघाला त्या बुधवारी ते म्हणाले, "सुटला बाप्पा बैलाच्या जूतून. आता मान मोकयी करून देतो." आणि सातव्या आठवड्यात ते एका लग्नाला वऱ्हाडाबरोबर गेले होते. दुकान बंद होते, म्हणून मी घरीच दाढी केली होती.

बाकावर बसल्या बसल्या हे सगळे एका ओळीत आले. पण खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले नाही, लाज वाटली. "कोणी मान दाबली?" असे डॉक्टरांनी किती वेळा विचारले होते. विज्ञानाचा विद्यार्थी असून, सातव्या आठवड्यात एकच गोष्ट बदलली होती, ती मला दिसली नव्हती. नानांनी मान मोडणे हे मला मानेला काही करणे वाटतच नव्हते. तो कटिंगचाच भाग होता, जसा शेवटी पावडरीचा ब्रश.

त्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितले नाही. पुढचे दोन गुरुवारही नाही. फक्त नानांकडे जाणे बंद केले. ज्यांना माझ्यासारखा संकोच वाटतो त्यांनी माझे ऐकावे. मी फुकट तीन आठवडे एका चांगल्या माणसाला कोड्यात ठेवले. तिसऱ्या गुरुवारी टाचा सलग तिसऱ्यांदा सारख्या निघाल्या. डॉक्टर वहीतली आपलीच टिपणे मागेपुढे उलटवून बघू लागले, तेव्हा मला राहवले नाही. सगळे सांगून टाकले.

त्यांनी ते वहीत लिहून घेतले. मग म्हणाले, "चार वर्षं शिकलो मी. हा प्रश्न विचारायचा असतो हे कोणी शिकवलं नाही."

"म्हणजे त्यामुळेच होतं?" मी विचारले.

"असेल. एवढं खरं, की असा झटका चांगल्या मानेलासुद्धा वाईट. तू अजून उभा आहेस हे नशीब समज." मग वही मिटून म्हणाले, "पण त्यामुळेच होतं असं छातीवर हात ठेवून मी सांगणार नाही. तू आता एस.टी.चे धक्केही कमी खातोस."

तेही खरेच होते. त्याच सुमारास मी वसतिगृहात परत गेलो होतो. प्रवास अर्ध्यावर आला, प्रकाश माझी बादली उचलू लागला, झोप वेळेवर होऊ लागली. मान कशाने सुधारली? डॉक्टरांच्या बोटाने, नानांचा हात थांबल्याने, की नुसत्या महिन्यांनी? मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर येत नाही. मात्र आता कोणी मला "काय वेगळं केलंस" असे विचारले, तर मी आधी ज्या गोष्टी मोजतच नाही त्या आठवतो.

उभ्याने

मान पूर्ण बरी झाली नव्हती. तासभर वाचता येई, तीन तास नाही. प्राचार्यांना अर्ज केला. तो मी चार वेळा लिहून फाडला होता. त्यांनी वेगळ्या खोलीत, सभागृहातले भाषणाचे लाकडी स्टँड ठेवून उभ्याने पेपर लिहायची परवानगी दिली. कागद डोळ्यांसमोर आला की ओळी हलत नसत. पायांना गोळे आले, पण सगळे पेपर लिहिले. दोन पेपर चांगले गेले, बाकीच्यांचे सांगता येत नव्हते.

निकाल लागला. वर्तमानपत्रात पास झालेल्यांचे नंबर आले, त्यांत माझा नव्हता. प्रकाश म्हणाला, "नापास असशील किंवा राखून ठेवला असेल. कॉलेज उघडलं की चौकशी करून कळवतो." मी गावी आलो. आबांनी मळ्यातले काही काम सांगितले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही याचाच मला जास्त त्रास झाला. तीन आठवडे मी अधांतरी होतो.

आमच्याकडे जळगावहून कोणाला चिठ्ठी पाठवायची तर ती एस.टी.च्या कंडक्टरकडे देतात, आणि कंडक्टर ती नानांच्या दुकानात टाकतो. मला हे ठाऊक होते. तरी रोज दोन वेळा एस.टी.चा आवाज ऐकूनही मी थांब्याकडे गेलो नाही. पाच महिने मी नानांना तोंड दाखवले नव्हते. केस आईने कात्रीने कापले होते, ते दुरूनही दिसत. नाना आबांना म्हणाले होते, "पोरगं मोठं झालं. जयगावले कटिंग करत असीन." आबांनी ते मला तसेच सांगितले.

एके दिवशी दुपारच्या एस.टी.नंतर नाना स्वतःच पेटी घेऊन आमच्या अंगणात आले.

"ये, बैस इथं," ते म्हणाले. "कोनी कापले हे केस? उंदरानं?"

आई दारातून आत गेली. मी बसलो. त्यांनी कापड गुंडाळले आणि कात्री चालवायला सुरुवात केली. 

"माहं काही चुकलं का?" त्यांनी मागून विचारले.

मग मी सांगितले. धुळे, टाचा, बुधवार, सगळे. बोलताना मी समोर कडुनिंबाकडे बघत होतो, कारण मान वळवायची नव्हती. मागे कात्री थांबली होती.

"मंग सांगायचं नाही का रे?" नाना म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "मी मान मोडतो ते बरं वाटाले. मले काय ठाव."

"मलाच ठाऊक नव्हतं, नाना."

त्यांनी बाकीचे केस कापले, मानेवर ब्रश फिरवला. तेल लावले. कानशिले दाबली. त्यांचे हात सवयीने हनुवटीपर्यंत आले आणि तिथे थांबले. त्यांनी ते हळूच काढून घेतले, धोतराला पुसले आणि सदऱ्याच्या खिशातून एक चिठ्ठी काढली.

"हे घे. कंडक्टरनं देल्ली. दुकानातले म्हनत होते उघडून पाहू. मी नाही पाहू देल्ली."

चिठ्ठी चार घड्यांची होती आणि तिला तेलाचा डाग पडला होता. मी कापडाखालून हात काढून ती उघडली आणि मान न वाकवता डोळ्यांसमोर धरून, नाना आणि दारामागची आई या दोघांना ऐकू जाईल अशी वाचली :

"तुझे उभ्याने लिहिलेले पेपर वेगळ्या गठ्ठ्यात राहिले होते, ते आता तपासले. पास आहेस. सेकंड क्लास. मार्कशीट न्यायला ये. प्रकाश."